शिडाच्या बोटीवर सीलंटच्या जॉइंटला काळी बुरशी, घासून जात नाही. काय करू?

शिडवेडा_मुंबई:
नमस्कार मंडळी. आम्ही तिघांनी मिळून गेल्या डिसेंबरात २६ फुटी फायबरची सेकंडहँड शिडाची बोट घेतली. मेच्या शेवटी पाण्यातून काढून यार्डात स्टँडवर ठेवली, वरून निळी ताडपत्री चारही बाजूंनी घट्ट आवळली, म्हटलं आता चार महिने बघायला नको. गणपतीच्या सुट्टीत सोडून बघतो तर डेक तसा बरा आहे पण जिथे जिथे सीलंटची रेघ आहे, म्हणजे खिडक्यांभोवती, हॅचच्या (डेकवरच्या झाकणाच्या) फ्रेमला, रेलिंगच्या खांबांच्या पायाशी, तिथे सगळीकडे काळे ठिपके, काही ठिकाणी तर सलग काळी रेघ, बाथरूमच्या टाइल्सना येते ना तशीच. भांड्याचा साबण आणि घासणी घेऊन अर्धा दिवस घासलं, वरवरचं निघालं, ठिपके तिथेच. एक मित्र म्हणतो टॉयलेट क्लीनर ओत, दुसरा म्हणतो प्रेशर वॉशर मार, तिसरा म्हणतो वरून सिलिकॉनचा एक हात फिरव, कोणाला दिसणार नाही. आधीच्या मालकाने कुठे काय लावलंय काही पत्ता नाही. बायको म्हणते आधी घरची बाथरूम घास, मग बोट. प्लीज सांगा काहीतरी.

फायबरवाला_उरण:
तिघांचंही ऐकू नकोस भावा. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, स्टेनलेसच्या खांबांना खड्डे पडतील, आणि त्यावर नंतर ब्लीच पडलं तर क्लोरीन गॅस होतो, तोही ताडपत्रीखाली जिथे पळायला जागा नाही. प्रेशर वॉशरने सीलंटची कड उचकटते, आज पाणी शिरत नसेल तर उद्या शिरेल. आणि वरून सिलिकॉन फिरवणं म्हणजे मळक्या शर्टावर इस्त्री, जुन्या सिलिकॉनवर नवीन काहीच नीट धरत नाही, सिलिकॉनसुद्धा नाही. तारेची घासणी वापरली नसशील अशी आशा आहे, तिचे बारीक तुकडे जेलकोटमध्ये (फायबरवरच्या गुळगुळीत थरात) अडकतात आणि पहिल्या पावसात गंजाचे डाग.

आधी ही बुरशीच आहे का ते बघ. साधं घरगुती ब्लीच घे (सुगंधी आणि फेसाळ नको), एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी, कानात घालायच्या कापसाच्या काडीने एकाच ठिपक्यावर लाव आणि दहा मिनिटं थांब. फिका पडला तर बुरशी. ढिम्म हलला नाही तर तो डिझेलचा धूर, तेलकट मळ नाहीतर सीलंटच म्हातारं झालंय, आणि मुंबई बंदरात मूरिंगवर (पाण्यातल्या बोयाला बांधून) उभ्या राहिलेल्या बोटीवर धूर काय कमी बसतो का.

बुरशी निघाली तर टिश्यू पेपरची पट्टी त्याच पाण्यात भिजवून रेघेवर चिकटव, वरून स्वयंपाकघरातली प्लास्टिक फिल्म, म्हणजे सुकत नाही. अर्धा तास पुरे. मग गोडं पाणी भरपूर, अगदी कंटाळा येईपर्यंत. हातमोजे आणि चष्मा घाल. खिडकीची फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर अर्धा तासही नको, दोन-तीन मिनिटांत धू. नायलॉनच्या दोऱ्या आणि शिवण लांब ठेव, ब्लीच नायलॉन खातं. सागाचा डेक असेल तर त्याच्यावरही नको.

शिडवेडा_मुंबई:
थँक्यू दादा, आज केलं. हॅचच्या फ्रेमचं जवळपास सगळं पांढरं झालं, मस्त. खिडक्यांचं वरचं गेलं पण आतले ठिपके तसेच, जणू सीलंटच्या पोटात आहेत. पण खरी गोष्ट वेगळीच. डाव्या बाजूच्या दुसऱ्या खांबाच्या पायाशी रेघ नखाने दाबली तर कड सुटून वर आली आणि खालून तपकिरी पाणी आलं, चहासारखं. हे काय आता??

सोलंटचा_वारा:
मी इंग्लंडात साउदॅम्प्टनजवळ बोट ठेवतो. मित्रा, बुरशी थोडे दिवस विसर. तपकिरी पाणी म्हणजे डेकच्या पोटातलं लाकूड भिजलंय. फायबरच्या बऱ्याच बोटींचा डेक सँडविच असतो, वर-खाली फायबर आणि मध्ये बाल्सा (एक हलकं लाकूड) नाहीतर प्लायवूड, आणि खांबाचे बोल्ट या सगळ्यातून आरपार जातात. चढताना प्रत्येक जण तोच खांब धरून लोंबकळतो, त्यामुळे पायाखालचं सीलंट सुटतं, बारीक फटीत पाणी राहतं, आणि जिथे ओल तिथे बुरशी. म्हणजे ती काळी रेघ तुझी शत्रू नाही, तिने चुगली केलीये.

स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने डेक ठोकत जा. टणक टकटक म्हणजे ठीक, बद्द आवाज आला की तिथवर खडूने खूण कर, किती पसरलंय कळेल. मग खांब काढ, आतलं सडलेलं वाकवलेल्या खिळ्याने ओरबाडून काढ, भोकं उघडी ठेव आणि सुकू दे. घाई केलीस तर ओलं लाकूड इपॉक्सीखाली (घट्ट होणाऱ्या राळेखाली) कोंडशील. सुकल्यावर भोक मोठं कर, खालून टेप लावून जाड केलेलं इपॉक्सी भर, घट्ट झालं की मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाड. यापुढे सीलंट सुटलं तरी पाणी लाकडापर्यंत जाणार नाही.

परत बसवताना खांबाखाली पॉलिसल्फाइड सीलंट किंवा ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी). पॉलियुरेथेनही चालतं, पण थ्रीएम ५२०० नको, ते गोंदच आहे, पुढच्या वेळी खांबाबरोबर जेलकोटही उपटून येईल. खिडक्यांची काच ॲक्रिलिकची असेल (बहुतेक असते) तर तिथे पॉलिसल्फाइडही नको, ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. ॲसिटोनने पुसायचंही नाही. तिथे खिडकीसाठीचं सिलिकॉनच लाव, आणि पोटात ठिपके गेलेलं जुनं सीलंट पूर्ण कापून काढ, ते कुठल्याच औषधाने पांढरं होत नाही, मी दोन हिवाळे घालवलेत त्यात.

फायबरवाला_उरण:
+१. माझंही चुकलं, कड सुटलीये का ते मी आधी विचारायला हवं होतं. एक भर घालतो, सुकवायला ऑक्टोबर हीटसारखं फुकटचं काही नाही. आत्ता हवेतच इतकं पाणी आहे की लाकूड सुकणार नाही, भोकांवर छोटं छप्पर कर आणि पाऊस गेल्यावर ऊन खाऊ दे, सोबत टेबल फॅन. हीट गनने भाजू नकोस. पॉलियुरेथेन मात्र हवेतल्या ओलाव्यानेच पिकतं, त्यामुळे दमट हवा चालते, जॉइंट तेवढा कोरडा हवा.

कोळीवाड्याचा_नातू:
सगळे बरोबर बोलले पण ताडपत्रीबद्दल कोणीच नाही बोललं. चारही बाजूंनी आवळलीस म्हणजे बोटीला वाफाऱ्यात बसवलंस बाबा. आमचे आजोबा पावसाळ्यात होडी शाकारायचे तेव्हा दोन्ही टोकं उघडी ठेवायचे, वारा एकीकडून शिरून दुसरीकडून निघाला पाहिजे. तू बूमवरून (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावरून) ताडपत्री तंबूसारखी टाक, डेकला चिकटू देऊ नकोस. आणि मेमध्ये झाकायच्या आधी गोड्या पाण्याने धुतली होतीस का? मीठ राहिलं की ते हवेतली ओल ओढत बसतं, त्यावर धूळ आणि सनस्क्रीनचा तेलकटपणा, बुरशीला आणखी काय पाहिजे.

शिडवेडा_मुंबई:
नव्हती धुतली 🙏 उलट शेवटच्या दिवशी सेल करून आलो आणि तशीच झाकली.

अपडेट: खांब काढला. आत बाल्साच आहे, चहात बुडवलेल्या खारीसारखा, चमच्याने निघाला. बद्द आवाज एक वीतभर आहे, पुढच्या खांबापर्यंत नाही पोचलाय. बाकीचे सात खांब पण उघडतोय. ऑक्टोबरचं पाण्यात टाकणं आता नोव्हेंबरात, पार्टनर लोकांना अजून सांगितलेलं नाही.