दोन ४+४ ओहमचे सबवूफर आणि २ ओहमचा मोनोब्लॉक: अ‍ॅम्प सारखा प्रोटेक्टमध्ये जातोय

सांगलीकर
हॅचबॅकच्या डिकीत १२ इंची दोन सबवूफर आहेत, वेगवेगळ्या बॉक्समध्ये. दोन्ही ड्युअल व्हॉइस कॉइल (एका वूफरमध्ये दोन कॉइल), ४+४ ओहम, प्रत्येकी ३०० वॅट आरएमएस (सलग पेलणारी ताकद). अ‍ॅम्प क्लास डी मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा: ४ ओहमवर २८० वॅट, २ ओहमवर ५०० वॅट आरएमएस. पुस्तिकेत किमान लोड (अ‍ॅम्पला दिसणारे एकूण ओहम) २ ओहम लिहिलाय. प्रत्येक वूफरच्या कॉइल पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) करून २ ओहम केले. अ‍ॅम्पला स्पीकरच्या दोन जोड्या आहेत, म्हणून एकेका जोडीवर एकेक वूफर लावला. निम्म्या आवाजाला सगळं ठीक, वाढवला की पाच-दहा मिनिटांत प्रोटेक्टचा (अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला बंद होतो तो) लाल दिवा लागून बास बंद. हीटसिंकला हात लाववत नाही. अ‍ॅम्प गेलाय का?

मल्टिमीटर
अ‍ॅम्प चांगला आहे, लोड चुकलाय. मोनोब्लॉकवरच्या त्या दोन जोड्या म्हणजे दोन चॅनेल नव्हेत. आतून प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडलेलं असतं. दोन जोड्या असतात त्या फक्त तारा लावायला सोपं जावं म्हणून. त्यामुळे तुमचे २ ओहमचे दोन वूफर एकमेकांना पॅरलल होतात आणि अ‍ॅम्पला १ ओहम दिसतो. २ ओहमवर ५०० वॅट म्हणजे साधारण ३१.६ व्होल्ट आणि १५.८ अँपियर. त्याच व्होल्टेजला १ ओहमवर करंट दुप्पट होतो. आउटपुटचे मॉसफेट (करंट सोडणारे ट्रान्झिस्टर) तापतात आणि प्रोटेक्शन येतं. ते वेळेवर येतंय हे नशीब समजा.

आता मुख्य मुद्दा. ४ ओहमच्या चार कॉइल सारख्या वापरल्या तर एकूण १६, ४ किंवा १ ओहम एवढेच लोड मिळतात. २ ओहम येतच नाही. एक कॉइल मोकळी सोडून आकडा जुळवू नका, वूफरची ताकद वाया जाते.

४ ओहम असं करा: प्रत्येक वूफरवर पहिल्या कॉइलचं मायनस दुसऱ्या कॉइलच्या प्लसला छोट्या तारेने जोडा (म्हणजे सिरीज). उरलेलं एक प्लस आणि एक मायनस म्हणजे ८ ओहमचा वूफर. असे दोन्ही वूफर अ‍ॅम्पला पॅरलल लावा, ४ ओहम मिळेल. अ‍ॅम्पला जोडण्याआधी तारांच्या टोकांना मीटर लावून बघा. मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो, तो लिहिलेल्या आकड्यापेक्षा थोडा कमीच असतो. ३.२ ते ३.८ आलं तर बरोबर. १ च्या आसपास आलं तर जोडणी पुन्हा तपासा.

जाड_तार
वरच्याला दुजोरा. "५०० सोडून २८० वर यायचं?" असं वाटेल, पण फरक फक्त अडीच डेसिबलचा आहे. एकच वूफर २ ओहमवर ठेवून त्याला ३०० वॅट देण्यापेक्षा दोन वूफरना मिळून २८० वॅट दिले तर बास जास्तच येतो, कारण हवा ढकलणारं क्षेत्रफळ दुप्पट होतं. पूर्ण ५०० हवेच असतील तर वूफर २+२ ओहमचे घ्या. प्रत्येकी सिरीज ४, दोन पॅरलल २ ओहम.

नवीन जोडणीवर गेन (अ‍ॅम्पवरचा इनपुट पातळीचा नॉब) पुन्हा लावा. वूफरच्या तारा काढा, गेन शून्यावर, बास बूस्ट बंद, लो पास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झ, इंजिन चालू. स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवून ५० हर्ट्झचा ० डीबी (पूर्ण पातळीचा) टोन लावा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून गेन हळूहळू वाढवा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: २८० × ४ = ११२०, म्हणजे ३३.५ व्होल्टला थांबा. त्यापुढे क्लिपिंग होतं, म्हणजे आवाजाची लाट वर-खाली कापली जाते, आणि ३०० वॅटची कॉइलही त्यात जळू शकते.

बॅटरीपासून अ‍ॅम्पला येणाऱ्या तारेकडेही बघा. ४ गेजची अस्सल तांब्याची हवी, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको. बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत ६० अँपियरचा फ्यूज. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून पत्रा उघडा करा आणि घट्ट बोल्ट मारा. मोठ्या आवाजात बॅटरीवर आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक म्हणजे तार किंवा अर्थिंग कमी पडतंय. बहुतेक वेळा अर्थिंगच असतं.

सांगलीकर
४ ओहम केलं, मीटरवर ३.५ आलं. अ‍ॅम्प आता कोमट राहतो, दिवा लागत नाही. पण बास अगदी पातळ झाला. एक वूफर काढला तर उलट जास्त येतो!

मल्टिमीटर
एका वूफरचं प्लस-मायनस उलटं लागलंय. एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि बास एकमेकांना खातो. ओहमच्या मीटरवर हे दिसत नाही. अ‍ॅम्पच्या तारा काढून प्रत्येक वूफरच्या टोकांना १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, सेलचं प्लस तारेच्या प्लसला. दोन्ही कोन बाहेर सरकले पाहिजेत. जो आत जाईल त्याच्या बॉक्सवरच्या दोन तारा अदलाबदल करा. एखादा कोन अजिबात हलला नाही तर त्याच्या दोन कॉइल एकमेकींविरुद्ध जोडल्या गेल्यात. मग बॉक्स उघडून मधली जोडतार बघावी लागेल, आणि तोवर तो वूफर वाजवू नका, कोन हलत नसताना कॉइल नुसती तापते.