शिकलेल्या आईचा घरातला शब्द

आई शिकलेली असली की मुलांचा अभ्यास घरीच होतो, असे नेहमी म्हटले जाते आणि तो मुद्दा मान्य आहे. पण मला तो अपुरा वाटतो. माझी आई कोरेगाव तालुक्यातल्या खेड्यात सातवीपर्यंत शिकली. धाकट्या भावाला जुलाब लागले तेव्हा घरातल्या थोरांनी त्याचे पाणी बंद करायला सांगितले होते. आईने आरोग्य केंद्रातून मिळालेल्या पत्रकातल्या ओळीवर बोट ठेवून ती आजीला वाचून दाखवली, लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ घातले आणि रात्रभर त्याला वाटी-चमच्याने पाजत राहिली. वाचता येत होते म्हणूनच सासूपुढे बोलण्याचा धीर तिला आला.

अर्थात, शाळा न पाहिलेल्या आईला कमी लेखणे मला मुळीच पटत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातल्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेच नव्हे, तर मंगळसूत्रही दिले होते. शिक्षणाने माया वाढते असे नव्हे. त्या मायेला घरात अधिकार मिळतो. पुढे बहिणीचे लग्न दहावीनंतर ठरू लागले, तेव्हा आईचा नकार वडिलांनी ऐकला.