सोशल मीडियावाला ब्राउझर म्हणे! टॉवेलवाल्यांच्या कालच्या पोस्टला उत्तर

सातरस्ता:
काल 'टॉवेलवाला' यांनी फतवा काढला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: साहेबांनी क्रोम काढून ऑपेरा टाकला, डाव्या पट्टीत व्हॉट्सॲप, मेसेंजर, इन्स्टाग्राम, टेलिग्राम ओळीने लावले, आणि आता म्हणतात, "ज्याला धंदा करायचाय त्याने सोशल मीडियाभोवती बांधलेलाच ब्राउझर घ्यावा. बाकीचे ब्राउझर रिटायर झालेल्यांसाठी." खाली सगळ्यांचे अंगठे. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की हे आधी कुणी करून पाहिलंय का.

पाहिलंय. 2005 साली फ्लॉक आला, फायरफॉक्सच्या पायावर. फोटो, ब्लॉग, मित्रमंडळी सगळं ब्राउझरातच. 2011 च्या जानेवारीत झिंगाने, म्हणजे त्या फार्मव्हिल गेमवाल्यांनी, तो घेतला आणि एप्रिलमध्ये बंद. 2010 च्या नोव्हेंबरात रॉकमेल्ट आला. पाठीशी कोण? जुना नेटस्केप ब्राउझर काढणारा मार्क अँड्रीसन. एका कडेला फेसबुकचे मित्र, दुसऱ्या कडेला बातम्यांचा ओघ, आणि आत शिरायलाच फेसबुकचं खातं लागायचं. 2013 मध्ये याहूने घेतला, ब्राउझर गुंडाळला. त्याच 2010 मध्ये बंगळुरूच्या हिडन रिफ्लेक्सने एपिक काढला होता, भारतीय भाषा आणि भरगच्च साइडबारसकट. 2013 मध्ये तोच एपिक परत आला तो खासगीपणाचा ब्राउझर म्हणून, साइडबारचा पसारा टाकून.

कारण साधं आहे. ब्राउझर टिकतो वर्षानुवर्षं, सोशल साइट येते-जाते. ऑर्कुटभोवती कुणी ब्राउझर बांधला असता तर 2014 ला ऑर्कुट बंद पडल्यावर त्याचं काय केलं असतं? आणि कामाच्या वेळी कडेला सारखे लाल ठिपके उगवणार असतील तर ते आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत जमाखर्चाची वही उघडून बसल्यासारखं आहे.

टॉवेलवाला:
मालक, इतिहास झकास. पण तुम्ही पुढाऱ्याला पडलेल्या निवडणुका मोजून दाखवताय. मी काय सांगितलं ते बघा.

सकाळी गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर बॉर्डरचा फोटो टाकतं: "हा निळा नको, ह्याच्यापेक्षा गडद. तीस बाय साठ, जीएसएम तोच, भाव काय?" (जीएसएम म्हणजे कापडाचं वजन, एका चौरस मीटरला किती ग्रॅम.) मी एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला रेटची शीट उघडी ठेवतो. टॅब बदलला तरी फोटो समोरच राहतो. आकडा बघितला की तिथंच टाइप. पूर्वी शीटवरून चॅटवर, चॅटवरून शीटवर उड्या मारताना एकदा चारशे जीएसएमचा भाव पाचशेच्या मालाला सांगून बसलो. पार्टीनं स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. त्याच भावात माल द्यावा लागला. तो तोटा तुमचा अँड्रीसन भरून देणार का?

सातरस्ता:
त्यासाठी ब्राउझर बदलायची गरज नव्हती. व्हॉट्सॲप वेब वेगळ्या विंडोत काढा, विंडोज आणि डावा बाण दाबा, अर्ध्या स्क्रीनवर बसतं. फुकट. दुसरं, ऑपेराची ती पट्टी 2017 पासून आहे, त्यात इन्स्टाग्राम 2020 ला आलं. म्हणजे चांगल्या-भल्या ब्राउझरला जोडलेली पट्टी. "सोशल मीडियाभोवती बांधलेला" तो रॉकमेल्ट होता. तुम्ही लावलीय पट्टी आणि सल्ला देताय रॉकमेल्टचा. माझा आक्षेप सल्ल्याला आहे.

टॉवेलवाला:
पट्टी म्हणा, पॅनल म्हणा. डावा बाण दाबून बघितलाय. चौदा इंचाच्या लॅपटॉपवर शीटचे निम्मे कॉलम गायब होतात. तुमच्याकडे दोन मॉनिटर असतील, आमच्याकडे यंत्रमागाचा खडखडाट आणि एक लॅपटॉप आहे.

मोझिलाभक्त:
दोघंही मुद्दा सोडून बोलताय. नॉर्वेच्या ऑपेराचा ब्राउझर-धंदा 2016 मध्ये चिनी कंपन्यांच्या गटाने घेतला, हे कुणी बोलणार का नाही? 29 जून 2020 ला 59 चिनी ॲपवर बंदी आली, यूसी ब्राउझर त्यात होता. तेव्हा इथल्याच लोकांनी काढून टाकल्याचे स्टेटस लावले होते. आता नॉर्वेचं नाव लावून तेच घरात. वर त्यातच सगळी चॅट. शाब्बास.

टॉवेलवाला:
ऑपेरावर बंदी आहे का? नाही. ऑफिस अजून ऑस्लोत आहे, शेअर अमेरिकेच्या नॅसडॅकवर आहे. आणि तुम्ही हे ज्या फोनवरून लिहिताय तो कुठल्या देशाच्या कंपनीचा, ते पण सांगा की. सांगा बिनधास्त.

मोझिलाभक्त:
फोनचा संबंध नाही.

टॉवेलवाला:
म्हणजे समजलं.

विजापूरवेस:
का बे भांडताय सकाळी सकाळी. सोशल मीडियाचा ब्राउझर घ्यावा का नको म्हणून वाद चाललाय, पण तो तुम्ही सगळे आधीच वापरताय. इन्स्टा किंवा फेसबुकवर लिंक दाबली की पान कुठं उघडतं? क्रोममध्ये नाही, त्या ॲपच्या पोटातच. 2022 च्या ऑगस्टमध्ये फेलिक्स क्राउसे नावाच्या संशोधकानं दाखवलं की ही दोन्ही ॲप पोटात उघडलेल्या पानात स्वतःचा जावास्क्रिप्टचा कोड घुसवतात. मेटाचं, म्हणजे या दोन्ही ॲपच्या मालक कंपनीचं, म्हणणं होतं की लोकांनी ट्रॅकिंगला दिलेला होकार-नकार पाळायलाच तो कोड आहे. असेल. पण दुकान तिसऱ्याचं, कोड मेटाचा, आणि गिऱ्हाइकाला पत्ता नाही.

आमच्या पप्पांचंच घ्या. फेसबुकवर जाहिरात: 'अस्सल सोलापुरी चादर, दोनचा सेट, कारखान्याच्या भावात.' दाबलं, तिथल्या तिथं पान उघडलं, वरचा पत्ता वाचायचं सुचलं नाही, ऑर्डर केली. आता बघा, माणूस राहतो सोलापुरातच, विजापूर वेशीत, आणि सोलापुरी चादर मागवतो फेसबुकवरून! आली ती पॉलिस्टरची. धुतल्यावर आजीच्या साडीला रंग लागला.

अक्का_चाटीगल्ली:
हे वाचून राहवलं नाही. ब्राउझर तुमचा तुम्ही बघा, मला त्यातलं कळत नाही आणि कळून घ्यायचं पण नाही. पण चादरीचं बोलायलाच पाहिजे कुणीतरी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टेरी टॉवेलला पण आहे. तरी पानिपतचा माल आमच्या नावानं देशभर विकला जातो. दुकानात बाई येते, मोबाईल पुढं करते, "हे बघा, ह्यात दोन येतात तेवढ्या पैशात." मी काय सांगू तिला?

वाचणाऱ्यांनी एवढं बघा. चादर उलटी करा. जेकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर, विणलेली असेल तर नक्षी मागंही उठलेली दिसते, रंग उलटे होऊन. छापील असेल तर मागची बाजू फिकी. काठाला कारखान्याचं नाव विणलेलं असतं, शिवलेलं लेबल कुणी पण लावतं. हातात घेतली की वजन कळतं. आणि हे सगळं फोटोत दिसत नाही, म्हणून तर त्यांचं फावतं.

टॉवेलवाला:
अक्का, बरोबर आहे तुमचं. पण दोष फक्त फेसबुकला देऊ नका. बाहेरचा माल गावात कोण उतरवतं? आपलेच व्यापारी. अक्कलकोटला जाणारी गाडी थांबली की भाविकांना 'सोलापूरची चादर' म्हणून काय गळ्यात मारतात ते सगळ्यांना माहीत आहे. इंटरनेट यायच्या आधीपासून चालू आहे हे.

अक्का_चाटीगल्ली:
नाव घेऊन बोला. मोघम बोललं की आमच्यासारख्या सगळ्यांवर शिंतोडे उडतात. माझे सासरे मागावर बसलेले, त्यांच्यामागं आम्ही दुकान टाकलं. एक नग बाहेरचा ठेवलेला दाखवा, दुकानाला कुलूप लावते.

टॉवेलवाला:
तुमच्याबद्दल बोललो नाही.

अक्का_चाटीगल्ली:
मग कुणाबद्दल बोललात ते लिहा.

मोझिलाभक्त:
आता का गप्प? फोनचा देश विचारायला तोंड होतं.

हुरडापार्टी:
चादर धुवायला पाणी आलं का पण? उजनी धरण भरो नाहीतर आटो, आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांआडच. आणि पाणी कधी सुटणार हे कळतं कुठं, तर गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. म्हणून मी टॉवेलवाल्याच्या बाजूनं. माझा चॅट उघडाच पाहिजे. रात्री दोनला मेसेज पडतो.

सातरस्ता:
धागा ब्राउझरचा आहे, हे कुणाच्या लक्षात असेल तर बरं.

विजापूरवेस, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, आणि इथला सर्वांत कामाचा. ॲपच्या पोटात पान उघडलं तर वरच्या तीन ठिपक्यांवर जाऊन 'बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा' करा, निदान पत्ता तरी नीट वाचता येतो. मी हेच म्हणतोय. ब्राउझर आणि सोशल साइट यांच्यात भिंत पाहिजे. 4 ऑक्टोबर 2021 ची रात्र आठवा. फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, तिन्ही सहाएक तास बंद. 'फेसबुकने लॉगिन करा' वर विसंबलेल्यांना दुसऱ्याच साइटची दारं उघडेनात. त्या दिवशी रॉकमेल्टसारखा ब्राउझर असता तर बँकेचं पान उघडायच्या आधी झुकरबर्गची वाट बघावी लागली असती.

विजापूरवेस:
मी कुणाच्याच बाजूची नाही ओ अण्णा. मी दोन दुकानांचे इन्स्टा अकाउंट सांभाळते, पट्टी माझ्याकडं पण आहे. फक्त अभ्यासाचा ब्राउझर वेगळा ठेवलाय, त्यात एकाही सोशल साइटला लॉगिन नाही. एका मशीनवर दोन ब्राउझर टाकायला कुणी अडवलंय? तुम्ही पुरुष मंडळी एकावरच का अडून बसता कळत नाही.

टॉवेलवाला:
सातरस्ता, ठीक आहे, "बाकीचे ब्राउझर रिटायर झालेल्यांसाठी" हे वाक्य मागं घेतो. रिटायर झालेल्यांना पण पट्टी लागते, पाण्याचा मेसेज बघायला. आणि बँकेचं काम दुसऱ्या ब्राउझरमध्ये करेन म्हणतो. खूश?

सातरस्ता:
एवढा मोठेपणा झेपेल का तुम्हाला? बरं, माझ्याकडूनही घ्या: चौदा इंचाचा लॅपटॉप, एकच गिऱ्हाईक, एकच शीट, एवढ्यापुरती पट्टी सोयीची आहे. तेवढ्यापुरतीच. पोरांच्या लॅपटॉपवर टाकाल तर मी परत येईन.

मोझिलाभक्त:
म्हणजे चिनी मालकीचा मुद्दा दोघांनी मिळून दाबला.

अक्का_चाटीगल्ली:
आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. ते असू दे. विजापूरवेस, तू दुकानांचे अकाउंट सांभाळतेस म्हणालीस ना? चादर उलटी करून दाखवली, काठावरचं विणलेलं नाव जवळून दाखवलं, असा व्हिडिओ टाकायचे किती घेतेस?

विजापूरवेस:
अक्का, पप्पांना एक खरी चादर द्या, पहिला व्हिडिओ फुकट.

अक्का_चाटीगल्ली:
पप्पांना दुकानात पाठव. पण घेऊन जाताना पैसे द्यावे लागतील. आमच्याकडे फिक्स रेट आहे.