मदत हवी आहे: पाळीच्या दुखण्यावर होस्टेलमध्ये जमेल असा चहा

ताईंनो, माझी लहान बहीण 17 वर्षांची आहे, लातूरला होस्टेलवर राहून नीटची तयारी करायलीय. पाळीचे पहिले दीड दिवस ओटीपोट अन् कंबर इतकी दुखते की गुडघे पोटाशी घेऊन पडून राहती, क्लास बुडतो. डॉक्टरीणबाईंना दाखवलंय, सोनोग्राफी नॉर्मल आहे. मेफेनामिक ॲसिडची गोळी दिलीय, गुण येतो पण रिकाम्या पोटी घेतली की जळजळ होते म्हणून ती घ्यायलाच टाळती, मला तेच बघवत नाही.

मागच्या पाळीला ती गावाकडं होती तर आईनं ओवा तव्यावर तडतडू दिला, गूळ घालून उकळून पाजला, त्यानं गॅस मोकळा झाला पण कळा तशाच. होस्टेलवर दोन महिने सुंठ घेऊन बघितली, कपभर गरम पाण्यात पाव चमचा, पण दुखायला लागल्यावरच, तोवर मळमळ सुरू झालेली असते मग दोन घोट पण जात नाहीत. गरम पाण्याची पिशवी शेकायला आहे.

अडचण अशी की रूमवर गॅस नाही, फक्त इलेक्ट्रिक केटल, पाणी उकळलं की आपोआप बंद पडते, म्हणजे दहा मिनिटं उकळायचा काढा जमत नाही. लोहाची गोळी पण चालू आहे, अन् चहापत्तीनं लोह अंगाला कमी लागतं, म्हणून साधा चहा नको.

ज्यांनी स्वतः करून बघितलंय त्यांनी सांगा, सुंठ पाळीच्या आदल्या दिवसापासूनच चालू करायची का, दिवसातून किती वेळा, अन् बाळंतशेपा नुसता गरम पाण्यात झाकून ठेवला तर उतरतो का उकळावाच लागतो?