रंग देताना कातड्यावर निळसर काळे ठिपके उमटतात. उपाय काय करावा?

प्रश्न (लातूर)

सर्वांना नमस्कार. मी लातूरला शाळेत शिकवते आणि गेली दोन वर्षे सुटीच्या दिवशी घरीच चामड्याची पाकिटे, वह्यांची वेष्टने आणि कमरेचे पट्टे तयार करते. दोन सुयांचा टाका आता सरळ येतो आणि कडाही घासून गुळगुळीत होतात. रंगकामापुढे मात्र या उन्हाळ्यात मी अगदी हतबल झाले आहे.

वडिलांसाठी म्हशीच्या, झाडाच्या सालीने कमावलेल्या, तीन मिलिमीटर जाडीच्या कातड्याचे दोन पट्टे कापले. रंग सारखा मुरावा म्हणून कातडे आधी ओलसर करावे असे वाचले होते. त्याप्रमाणे घमेल्यात बोअरचे पाणी घेऊन स्पंजने दोन्ही पट्टे पुसले आणि लोकरीच्या बोळ्याने स्पिरिटमधला तपकिरी रंग लावला. रंग वाळल्यावर दोन दोष दिसले. एक म्हणजे मोहरीएवढे आणि त्याहूनही बारीक असे निळसर काळे ठिपके, जे रंगाच्या आतून वर आल्यासारखे दिसतात. आणि दुसरा म्हणजे वीतभर अंतरावर आडव्या उमटलेल्या गडद रेघा. बाटली बदलून पाहिली, तरी ठिपके तसेच येतात. चूक माझ्या हाताची आहे, रंगाची आहे की कातड्याची, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १ (नांदेड)

ताई, आमच्या घरी रापी (कातडे कापायची सुरी) आणि आरी (भोके पाडायचा टोचा) पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मी स्वतः नोकरीत आयुष्य काढले आणि निवृत्तीनंतर पुन्हा या कामाकडे वळलो. ठिपके आणि रेघा हे दोन वेगळे दोष आहेत, त्यांची कारणेही वेगळी आहेत, म्हणून त्यांचा विचार एकत्र करू नका. मी फक्त ठिपक्यांविषयी लिहितो.

बाभळीची साल, तरवडाची साल किंवा हिरडा यांनी कमावलेल्या कातड्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, ठासून भरलेले असते. कातडे ओले असताना त्याला लोखंडाचा स्पर्श झाला, की लोह आणि टॅनिन यांचा संयोग होऊन निळसर काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचा एक क्षार, एकत्र करून जी काळी शाई करत असत, तिच्यामागे हीच क्रिया होती. तुमच्या पट्ट्यावर नकळत तीच शाई तयार झाली आहे. सालीऐवजी क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेल्या कातड्यात टॅनिन नसल्यामुळे त्यावर असे ठिपके पडत नाहीत, आणि म्हणूनच हा अनुभव पुष्कळांना येत नाही.

आता लोखंड आले कोठून, ते शोधले पाहिजे. आपल्याकडे जुन्या बोअरचा केसिंग पाइप बहुधा लोखंडी असतो आणि गंजाचा अंश पाण्यात उतरतो. तुमचे घमेलेही लोखंडी असेल, तर ते दुसरे कारण. तिसरे कारण सहसा लक्षात येत नाही. ज्या टेबलावर रापीला धार लावली जाते, त्याच टेबलावर ओले कातडे ठेवले, तर डोळ्यांना न दिसणारा लोखंडाचा कीस त्याला चिकटतो आणि एकेका कणाभोवती एकेक ठिपका उमटतो. मोहरीहून बारीक ठिपके असतील, तर मला या कारणाचीच अधिक शंका येते. पाण्याने शक्यतो ढगासारखे मोठे डाग पडतात.

पाण्याची परीक्षा घरीच करता येते. एका काचेच्या पेल्यात बोअरचे पाणी आणि दुसऱ्यात बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी घ्या, दोन्हींत चमचाभर हिरड्याची पूड घालून ढवळा आणि दहा मिनिटांनी पांढऱ्या कागदासमोर धरून पाहा. पाणी आधी उकळू नका, कारण उकळल्याने लोह गाळ होऊन खाली बसते आणि परीक्षा फसते. बोअरच्या पेल्यात निळसर किंवा जांभळट काळसर छटा आली, तर पाण्यात लोह आहे. नुसती तपकिरी छटा गडद झाली, तर तो जड पाण्यातल्या क्षारांचा परिणाम समजावा. आपल्या काळ्या खडकातल्या पाण्यात क्षार असायचेच, आणि बोअरच्या पाण्याचा चहा काळवंडतो त्यात त्यांचाही वाटा असतो.

उत्तर २ (छत्रपती संभाजीनगर)

काकांनी ठिपक्यांविषयी सांगितलेले मला पूर्ण पटते. रेघांचे कारण मात्र आपल्या उन्हात आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना स्पिरिट कातड्यात मुरण्याआधीच उडून जाते. बोळा जेथे थांबतो तेथे रंगाची कड वाळते आणि पुढचा हात तिच्यावर चढला की त्या जागी रंगाचा दुहेरी थर बसतो. बोळा पुन्हा बुडवण्यापूर्वी वीतभर अंतरच रंगवून होत असेल, तर रेघाही वीतभर अंतरावरच येणार.

माझा अनुभव असा, की उन्हाळ्यात रंग बाटलीतून आहे तसा कधीच लावू नये. एक भाग रंगात दोन भाग स्पिरिट मिसळून तो पातळ करावा आणि एका गडद हाताऐवजी तीन फिके हात द्यावेत: पहिला लांबीच्या दिशेने, दुसरा आडवा आणि तिसरा लहान लहान गोलाकार फिरवून. काम पहाटे करावे. पंखा बंद ठेवावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास गॅसची शेगडी पेटलेली नसावी, कारण स्पिरिटची वाफ झटकन पेट घेते.

पट्ट्यांसाठी मी एक सोय केली आहे, ती आपल्यालाही उपयोगी पडेल. पीव्हीसी पाइप लांबीत उभा चिरून त्याची दोन्ही टोके बंद केली, की पन्हाळीसारखे भांडे तयार होते. त्यात पातळ केलेला रंग ओतून पट्टा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे संथपणे ओढून काढला, तर संपूर्ण पट्टा एकाच दमात ओला होतो आणि रेघ पडायला जागाच उरत नाही. रंग थोडा जास्त लागतो, पण उरलेला गाळून पुन्हा बाटलीत भरता येतो. एक दिवस सावलीत वाळवल्यावर स्वच्छ सुती कापडाने पट्टा घासावा आणि कापडाला रंग लागणे थांबेपर्यंत घासत राहावे. ही पायरी टाळली, तर पांढऱ्या सदऱ्याला रंग लागल्याशिवाय राहत नाही.

प्रश्नकर्ती (लातूर)

दोघांचेही मनापासून आभार. परीक्षा केली. बोअरच्या पेल्यात दहा मिनिटांच्या आतच जांभळट काळसर छटा आली, डिस्टिल्ड पाणी पिवळसर तपकिरीच राहिले. घमेले लोखंडी होते, आणि रापीला धार मी त्याच टेबलावर लावत होते. म्हणजे काकांनी सांगितलेली तिन्ही कारणे माझ्याकडे एकत्र नांदत होती. दोष हाताचा नव्हता, हे कळल्याने फार धीर आला. आता या दोन पट्ट्यांचे काही करता येईल का? तसेच, वाळलेल्या कातड्याला घरातले करडईचे तेल लावावे, असे सासऱ्यांचे म्हणणे आहे; ते चालेल का?

उत्तर ३ (अंबाजोगाई)

ताई, पट्टे टाकून देऊ नका. ज्या क्रियेने ठिपके पडले, तीच संपूर्ण पट्ट्यावर घडवून आणा, म्हणजे ठिपके त्या काळ्या रंगात मिसळून जातील. भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी घ्या. स्टेनलेस स्टीलची चालत नाही. साबणाने धुऊन तिचा तेलकटपणा काढा आणि काचेच्या बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. आतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून झाकण घट्ट लावू नका. आठ ते पंधरा दिवसांनी द्रावण गाळून घ्या आणि आधी तुकड्यावर लावून पाहा. काही मिनिटांत डोळ्यांदेखत काळा रंग चढतो. आधीच्या तपकिरी थरामुळे तो कोठे कमी चढला, तर तेवढी जागा स्पिरिटने पुसून पुन्हा हात द्या. नंतर लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा विरघळवून त्याने पट्टा पुसा, म्हणजे उरलेले आम्ल निघून जाईल, आणि शेवटी साध्या पाण्याने पुसून सावलीत वाळवा. हा काळा रंग वर बसलेला नसतो, तो कातड्यातच तयार झालेला असतो, त्यामुळे कापडाला लागत नाही; मला तो विकतच्या काळ्या रंगाहून अधिक आवडतो. व्हिनेगरऐवजी हिराकस वापरण्याचा मोह मात्र टाळा, कारण त्यातून उरणारे आम्ल कातडे हळूहळू ठिसूळ करते.

पुढच्या कामासाठी पावसाळ्यात पत्र्यावरून येणारे पाणी धरू नका, तेथेही गंज असतो. मोकळ्या अंगणात प्लास्टिकचे पिंप ठेवून थेट आकाशातून पडणारे पाणी साठवा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातूरकरांना पाणी जपून वापरायला मी काय सांगणार. पण कातडे ओले करायला पाच लिटर पाणी वर्षभर पुरते.

उत्तर १ (नांदेड)

तेलाविषयी लिहितो. सासऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण करडई आणि जवस ही हवेत सुकणारी तेले आहेत. काही आठवड्यांत ती चिकट होतात आणि पुढे कातडे ताठ करतात. करंजाचे किंवा एरंडेल तेल कोमट करून अगदी थोडे, दोन वेळा लावावे. त्यावर एक भाग मधमाशांचे मेण आणि तीन भाग तेल गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवून केलेले मलम चोळावे. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्यामुळे ते थेट आचेवर ठेवायची गरज नाही.

रंग न दिलेल्या कातड्यावर ठिपके पडले, तर शंभर मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात दोन ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल घालून संपूर्ण तुकडा पुसावा, नुसत्या ठिपक्यावर लावल्यास भोवती कडे उमटते. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे घाला आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. आणि ताई, दोन वर्षांत दोन सुयांचा टाका सरळ येऊ लागला, ही लहान गोष्ट नाही. माझा टाका सरळ यायला त्याहून अधिक काळ लागला होता, आणि तेही वडील शेजारी बसून शिकवत असताना.

प्रश्नकर्ती (लातूर)

आज सतराव्या दिवशी लिहिते आहे. दोन्ही पट्टे काळे झाले, ठिपके शोधूनही सापडत नाहीत, आणि पांढरा रुमाल घासून पाहिला तो पांढराच राहिला. धार लावण्याचा दगड आता गच्चीवर हलवला आहे. करंजाचे तेल बाजारात मिळाले. सासऱ्यांनी वास घेऊन पाहिला आणि पहिला हात त्यांनीच लावून दिला. उद्या वडिलांच्या कमरेचे माप घेऊन इंचाइंचावर पाच भोके पाडायची आहेत, तिसरे भोक मापावर येईल असे.