ताणावरच्या संत्र्याला पाणी कोणी दिले?

फ्लॅट ३०२: सर्वांना नमस्कार. गच्चीवरील ड्रममधल्या संत्र्याला आंबिया बहरासाठी (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी) मी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ताण दिला होता, म्हणजे पाणी पूर्ण तोडले होते. काल सायंकाळी मात्र त्या ड्रमची माती हाताला ओलीगच्च लागली. कोणावरही आरोप नाही, फक्त विचारते आहे.

फ्लॅट ४०१: काकू, पाणी मीच दिले. पाने गळत होती, झाड वाळते आहे असे वाटले. ताण दिल्याचे तिथे कुठेही लिहिलेले नव्हते.

फ्लॅट ३०२: भाऊ, झाडांच्या नोंदीची एक वही ठेवू या, असे मी जूनच्या सभेत सुचवले होते, तेव्हा "झाडांची हजेरी घेणार काय" असे म्हणून सर्वांत आधी आपणच हसला होता.

फ्लॅट १०३: गच्चीवरील पाण्याचा खर्च सर्वांच्या मेंटेनन्समधून होतो, याकडे लक्ष वेधतो.

फ्लॅट २०४: काकू, आंबिया हुकला तर मृग बहर (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) धरा, फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतील.

फ्लॅट ३०२: काकाजी, मृगासाठी मे महिन्यात ताण द्यावा लागतो. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात शेतातले झाड खोल मुळांवर तग धरते, ड्रममधले धरणार नाही.

फ्लॅट २०४: तेही खरेच. वहीला मात्र माझा पाठिंबा आहे. माझ्या कलमाच्या बुडातून निघालेला जोमदार काटेरी फुटवा मी दोन महिने कौतुकाने वाढवला आणि नंतर कळले, की तो जोडाखालचा, जंबेरीच्या खुंटाचा, म्हणजे ज्या झाडाच्या मुळावर कलम बांधतात त्याचा, होता. कलम कोणत्या खुंटावर बांधले आहे, हे आणल्या दिवशीच लिहून ठेवले असते, तर फुटवा पहिल्याच आठवड्यात काढला असता.

सचिव: वहीत झाडाचे नाव, ते कोठून व केव्हा आणले, माती कधी बदलली, खत व फवारणी कधी केली आणि पाणी कोणी दिले, एवढेच रकाने पुरेत. वही जिन्याच्या दारामागे अडकवली जाईल.

फ्लॅट ४०१: वही कशाला? मी मोबाइलवर एक्सेल करून देतो.

फ्लॅट ३०२: आपल्या मागच्या एक्सेलमध्ये एकाच मोगऱ्याची नोंद दोनदा होती आणि कढीपत्त्याची एकदाही नव्हती, जरी तो रोज सकाळी कोणी ना कोणी तोडून नेत असते.

फ्लॅट १०३: पाण्याच्या खर्चाविषयीच्या माझ्या संदेशाला अद्याप उत्तर मिळालेले नाही. कढीपत्ता आम्ही विचारून नेतो.

फ्लॅट ३०२: आपले नाव मी घेतलेच नव्हते.

सचिव: कृपया विषयावर राहावे. कुंड्यांना नावाच्या पट्ट्याही लावू या.

फ्लॅट ३०२: मग त्या पेन्सिलने लिहाव्यात. मी मार्करने लिहिलेल्या पट्ट्या मे महिन्याच्या उन्हात कोऱ्या झाल्या. पेन्सिलने लिहिलेली "गावठी गुलाब, १२ जुलै" ही एक पट्टी आजही वाचता येते.

फ्लॅट ४०१: काकू, चूक माझी होती. आत्ताच गच्चीवर जाऊन "ताण सुरू आहे, पाणी देऊ नये" अशी पट्टी पेन्सिलने लिहून ड्रमला बांधली आहे. फोटो पाठवतो.

फ्लॅट ३०२: मनापासून आभार, भाऊ. अक्षरही सुरेख आहे. फक्त तो ड्रम लिंबाचा आहे.