‘प्रबळ द्वैत’ म्हणताना द्वैत कशाचं?

पंचवटीहून: लिनिअर प्रोग्रामिंग, म्हणजे मर्यादित साधनांत जास्तीत जास्त नफा काढायचं गणित, शिकवताना मी ‘स्ट्राँग ड्युअ‍ॅलिटी’ला ‘प्रबळ द्वैत’ म्हटलं. मूळ प्रश्न आणि त्याच्या जोडीचा दुसरा प्रश्न, दोघांचं सर्वोत्तम उत्तर एकच येतं, असं हे प्रमेय. एका विद्यार्थिनीनं लगेच विचारलं, “मॅडम, द्वैत म्हणजे दोन वेगळे ना? मग दोघांचं उत्तर एकच कसं?” दुसरा शब्द सुचतो का? आणि तिला पटेल अशी सोपी सिद्धता?

पिंपळगाव बसवंतहून: ताई, मुलगी नेमकं बोलली. द्वैत म्हटलं की जीव आणि ब्रह्म वेगळे, हेच आठवतं. ‘द्वित्व’ म्हणजे ‘पक्का’तला दुहेरी क. ‘द्वंद्व’ तर भांडणच. मी ‘जोडप्रश्न’ म्हणतो.

आमच्याकडचंच बघा. समजा द्राक्षं भरायला 40 खोकी आहेत, पेटीला एक खोकं, आणि मजुरीचे 60 तास. एक्स्पोर्टच्या पेटीला 2 तास लागतात, नफा 300 रुपये. लोकलला 1 तास, नफा 200. दोन्हींच्या 20-20 पेट्या भरल्या की 10,000 मिळतात. आता कुणी म्हणालं, तुमची खोकी आणि तास मलाच विका, तर किमान काय भाव घ्यावा? हा जोडप्रश्न. खोक्याला 100 आणि तासाला 100 धरले की कुठल्याच पेटीत तोटा नाही, आणि एकूण पुन्हा 10,000.

कॉलेज रोडवरून: ‘जोडधंदा’मुळे जोडप्रश्न दुय्यम वाटेल, अशी शंका येईल. पण जोडप्रश्नाचा जोडप्रश्न काढला की मूळचाच परत येतो. दुय्यम कुणीच नाही. मला शब्द आवडला.

सिद्धतेसाठी द्राक्षाचा रिकामा क्रेट घ्या, एका कोपऱ्याकडे तिरका धरा, आत गोटी सोडा. गोटी कोपऱ्यात जाऊन थांबते, कारण टेकलेल्या दोन भिंती तिला आत रेटतात आणि उताराची ओढ तेवढ्यानं फिटते. इथे उताराची ओढ म्हणजे नफा, भिंत म्हणजे खोक्यांची किंवा तासांची मर्यादा, आणि तिचा रेटा म्हणजे त्या मालाचा भाव. भिंत फक्त रेटते, ओढत नाही, म्हणून भाव ऋण येत नाहीत. न टेकलेल्या भिंतीचा रेटा शून्य, म्हणून उरलेल्या मालाला भाव नाही. वरच्या उदाहरणात ओढ (3, 2), म्हणजे दोन पेट्यांचा नफा शेकड्यांत; भिंती (1, 1) खोक्यांची आणि (2, 1) तासांची: दोन्ही भिंती एकेकदा घेऊन बेरीज केली की ओढ मिळते, म्हणून दोन्ही भाव एकेक शेकडा. गोटी थांबताना रेटे जुळतातच, याची काटेकोर हमी गणिती फार्कसच्या 1902 च्या प्रमेयात आहे. ‘दुर्बल’ भाग, म्हणजे विक्रीची रक्कम नफ्याहून कधीच कमी नसते, ही नुसती बेरीज. ‘प्रबळ’ म्हणजे त्या दोन रकमांमधली फट मिटते. गणिती फॉन नॉयमननी हे 1947 मध्ये ओळखलं, गेल, कुन आणि टकर यांची सिद्धता 1951 मध्ये छापून आली.

पंचवटीहून: सर, दादा, मनापासून आभार. उद्या वर्गात क्रेट नेते. प्रमेयाचं नाव द्वैतच राहू दे, प्रश्नाला मात्र यापुढे ‘जोडप्रश्न’च म्हणेन.